दोन सासवा

“दोन पासपोर्ट म्हणजे दोन सासवा,” असं म्हणून तो उजवी मूठ डाव्या तळव्यावर आपटायचा. ऑफिसात कुणी नवीन आलं की हे ठरलेलं. डब्लिनच्या सँडीफोर्ड भागातल्या त्या ऑफिसात तो माझ्या शेजारी बसायचा. जन्माने युक्रेनचा, बारा वर्षांपासून डब्लिनचा. आयरिश झाला तरी जुना पासपोर्ट त्याने सोडला नव्हता.

मला त्याचा हेवा वाटायचा. आपल्याला ती चैन कुठली? दुसरं नागरिकत्व घेतलं की भारताचा पासपोर्ट मुकाट्याने जमा करायचा. मी तो देऊन आले त्या दिवशी जेवणाचा डबा न उघडताच बाजूला सारला. त्याने समोर कॉफी ठेवली. म्हणाला, “सुटलीस. आता एकीचंच ऐकायचं.”

हसला की अख्खा मजला वळून बघायचा, असा तो माणूस. पण युद्ध पेटलं आणि तो मुठीने बोलायला लागला. धाकटा भाऊ रणगाड्यात जळून मेल्याचा फोन आला, तेव्हा आम्ही ऑफिसच्या किचनमध्ये होतो. त्याने प्रेसच्या, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, पत्र्याच्या दारावर मूठ हाणली. पुन्हा हाणली. तिसऱ्या वेळी रक्त माझ्या डब्यावर उडालं. मी हात धरायला गेले तर मलाच भिंतीवर ढकललं. खांदा आठवडाभर ठणकत होता.

दुसऱ्या दिवशी बँडेज बांधलेल्या हाताने त्याने माझा डबा घासून आणला. “ग्रँड?” ठीक आहेस ना, हे त्याने इथल्या भाषेत खाली बघत विचारलं.

“ग्रँड,” मी म्हणाले. रागावणार तरी कुणावर?

मग एक दिवस त्याच्या आईच्या घरावर गोळा पडला. भिंतीखाली चिरडलेला तिचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. तो आमच्या घरी आला. माझी आई तेव्हा साताऱ्याहून आली होती. तिने वाढलेलं थालीपीठ तसंच पडून राहिलं.

“गेलो तर परत सोडणार नाहीत,” तो म्हणाला. “साठीच्या आतला पुरुष म्हणजे सैन्याचा. त्यांच्या लेखी मी अजून त्यांचाच.”

“काहीतरीच. आयरिश पासपोर्टवर जा, त्याच्यावरच ये. तुला कोण अडवणार?”

मी हे ठासून सांगितलं. आपल्या कायद्याची पट्टी मी त्याच्या देशाला लावली. नवा पासपोर्ट मिळाला की जुन्याचा हक्क संपला, एवढंच मला ठाऊक. त्याला खरं काय ते माहीत होतं. कुणीतरी ‘जा’ म्हणायला हवं होतं, ते मी म्हणाले.

आई म्हणाली, “लेकरू आईला भेटाया निघालंय. वाटंला दोन भाकऱ्या बांधून दे.”

तो गेला. तीन आठवडे त्याने आपल्या आईची जखम धुतली. परतताना सीमेवरच्या अधिकाऱ्याने पासपोर्टवरचं जन्मस्थान वाचून मायबोलीत काही विचारलं. त्याने त्याच भाषेत उत्तर दिलं आणि त्याला तिथेच अडवलं. आम्ही इथून चार ठिकाणी फोन केले. सगळीकडे उत्तर एकच, तिथे तो त्यांचाच नागरिक.

सैन्यात भरती करून घेतल्यावर खंदकातून त्याचा एकच आवाजी निरोप आला. “थोरल्या सासूने ठेवून घेतलं,” असं म्हणून तो हसला. तेवढ्यात मोठा आवाज झाला, कुणीतरी किंचाळायला लागलं आणि निरोप तुटला.

दोन महिन्यांनी त्याच्या बहिणीने कळवलं. खंदकात गोळा पडला. आत चौघे होते. ओळखू आला तो फक्त त्याचा उजवा हात, बोटांच्या पेरांवरच्या जुन्या व्रणांवरून. ते व्रण कसले, हे तिने मला विचारलं होतं.

प्रेसचं दार अजून तसंच चेपलेलं आहे. दुरुस्तीवाले आले होते, मी त्यांना हात लावू दिला नाही.

आता दर रविवारी साताऱ्याहून माझ्या आईचा फोन येतो. त्याचं काय झालं ते मी तिला कळवलेलं नाही. “त्याच्या आईला बरं हाय का गं?”

“बरं आहे. कृत्रिम पाय बसवलाय. चालते आता.”

“बघ. जाऊ दिलंस ते बरं केलंस.”

मी हो म्हणते.