चावी फिरली की हात जोडायचे

आमच्या आर्णीत चितेला अग्नी दिला की तिथेच शोकसभा होते. माणसं टिनाच्या शेडखाली उभी राहतात, चार-पाच जण बोलतात, मौन होतं, आणि मगच मंडळी गाड्यांना किक मारतात. मी कॉलेजात मराठी शिकवलं, एवढ्या भांडवलावर या बोलणाऱ्यांत माझं नाव पक्कं झालं. कोणी गेल्याचा फोन आला की बायको विचारते, "बोलायचं आहे की नुसतं जायचं आहे?"

सुरुवातीला मी फार वाईट बोलायचो. धुराच्या तोंडाशी उभा राहायचो. ठसका लागला की लोकांना वाटायचं, सरांना गहिवर आला. वाक्यं लांबलचक, नजर जमिनीवर. मला वळण लावलं ते माझ्या मित्राने. तो त्याच कॉलेजात गणित शिकवायचा. शोकसभेत सगळ्यांच्या मागे, कडुलिंबाखाली उभा राहायचा आणि परतताना गाडीवर माझी हजेरी घ्यायचा.

"मांगच्या माणसाकडे पाहून बोल ना. पुढच्यायले त ऐकूच येते."

"वारा कुठून येऊन राह्यला ते पाहून उभा राह्य."

"तू कायले रडून राह्यला? रडाचं काम घरच्यायचं हाय."

विशेषणांचा त्याला भारी तिटकारा. गेलेल्या माणसाची एक खरी गोष्ट सांगायची आणि गप्प बसायचं, असा त्याचा हिशोब. कोणी 'कधीही भरून न निघणारी पोकळी' म्हणालं की तो हसू दाबायला पाठ फिरवायचा. "गावात इतक्या पोकळ्या झाल्या, आता पाय कुठं ठेवाचा?" असं एकदा म्हणाला होता.

माझं बोलणं लांबलं की तो गाडीची चावी बोटावर गरगर फिरवायचा. मी हातातलं वाक्य पुरं करून हात जोडायचो. लोक म्हणायचे, सर थोडक्यात बोलतात, पण छान बोलतात. ते श्रेय मी बिनदिक्कत घेतलं.

"माह्या वेळी लवकर आटपजो," तो एकदा घाटावरून परतताना म्हणाला. "अन् पोकळी काढली, त तिथंच उठून बसीन."

यंदा उन्हाळ्यात तो सकाळी चहा पिता पिता गेला. मुलगा पुण्याहून आला. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काका, तुम्हीच बोला. बाकी कोणी नको." मित्राला हवं तसं, छोटं आणि खरं बोलायचं, असं मी अंघोळ करतानाच ठरवलं होतं.

वारा पाहून उभा राहिलो. आवाज नीट लागला. "या माणसाने कोणाला उगाच पास केलं नाही आणि कोणावर डूख धरून नापासही केलं नाही," असं म्हणालो. लोकांनी माना हलवल्या. खरं तर तिथंच हात जोडायला हवे होते. सवयीने मी मागे पाहिलं. कडुलिंबाखाली दोन अनोळखी माणसं मोबाईल पाहत होती.

मग मी बोलतच राहिलो. ढाणकीच्या रस्त्यावर पंक्चर झालेली गाडी सांगितली, प्राचार्यांशी त्याचं झालेलं भांडण सांगितलं, त्याला वांगी आवडत नसत हेही सांगितलं. पुढची माणसं पाय बदलू लागली. कोणीतरी घड्याळ पाहिलं. मला सगळं दिसत होतं आणि थांबता येत नव्हतं. मुलाने येऊन माझा दंड धरला.

"काका, बस करा आता."

शेवट तरी नीट करावा म्हणून मी तोंड उघडलं, आणि तेच वाक्य बाहेर पडलं, पोकळीचं, सगळ्या विशेषणांसकट.

मी चितेकडे पाहिलं. लाकडं वाळलेली होती, चांगली पेटली होती. आयुष्यभर शब्दाला पक्का असलेल्या त्या माणसाचा मला भयंकर राग आला. तो उठला नाही.