कासमभाईंचा डगला

कापसाच्या दुकानात सकाळी कितीही झाडा, संध्याकाळी कोपऱ्यात कापसाचे पुंजके साठलेलेच असतात. आमच्या दुकानातल्या गोष्टींचंही तसंच.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. नगरात, कॅम्पाच्या रस्त्याला कासमभाईंचं टेलरिंगचं दुकान होतं. थंडीत आम्ही कापूस भरलेले डगले शिवायचो. गजराबाई कापूस भरायची, मी दोरे घालायची. माप आणि कात्री मात्र कासमभाईंची. अक्षरं मी पाट्या वाचून शिकले आणि कापणी कासमभाईंच्या पाठीमागून बघून. मला कात्री हवी होती. ज्याच्या हातात कात्री तो टेलर, बाकीचे दोरेवाले. मागितली की ते एवढंच म्हणायचे, "बाई, दोरे घाला."

* * *

पारनेरचा एक शेतकरी भर दुपारी पातळ सदऱ्यावर माप देऊन गेला. रात्री ज्वारीच्या राखणीला जाताना दोन सदरे, वर लोकरीचं बनियन चढवलं, तर डगल्याची गुंडी लागेना. तणतणत परत आला. "तुमचा कापूस फुगलाय!"

मी म्हटलं, आता यापुढं जे आत घालणार ते सगळं घालूनच माप द्यायला या. कासमभाई म्हणाले, गिऱ्हाइकाला गाठोडं करून मापू का?

* * *

माझं ऐकून सुप्याचा एक गाडीवान खरंच सगळं चढवून आला. कासमभाईंनी मुकाट्यानं माप घेतलं. दोन दिवसांनी डगला पोटावर लोंबत होता. चौकशी केली, तर माप देताना कमरेला भाकऱ्यांचं फडकं बांधलेलं.

"भाकरी खाल्ली की वारं शिरतंय बगा," तो म्हणाला.

"मग खाऊ नका," गजराबाई म्हणाली.

कासमभाई आठवडाभर माझ्याकडं बघून हसत होते.

* * *

कॅम्पातले गोऱ्या सोजिरांचे जुने कोट बाजारात आले, तेव्हा कोर्टातल्या एका कारकुनानं सगळ्यात मोठा उचलला. मोठा कोट म्हणजे जास्त ऊब! सायकलवर बसला, कोटात वारं भरलं, सायकल पुढं जाईना. उतरून, हातात धरून दुकानापर्यंत आणली.

मी सांगितलं, "साहेब, आत एक स्वेटर मावेल एवढीच जागा हवी. तुमच्या कोटात सगळं कोर्ट बसेल."

* * *

एक नवी नवरी नवऱ्यासाठी डगला शिवायला आली. नवरा मळ्यावर, माप कुठंय? तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि गजराबाईभोवती हात टाकून, मग हळूच सैल करून म्हणाली, "एवढं हाय."

कासमभाईंनी तोंड भिंतीकडं केलं. टेप माझ्याकडं भिरकावला. तिच्या हातांचं कडं मी मापलं.

"चुकलं तर?" मी विचारलं.

"न्हाई चुकायचं." तिनं मान खाली घातली.

डगला असा बसला, की नवरा स्वतः दाखवायला आला. टेप मी परत दिला नाही, त्यांनीही मागितला नाही. कात्री मात्र त्यांच्या गादीखालीच.

* * *

त्या पौषात कासमभाईंना खोकला झाला. जन्मभर दुसऱ्यांचे डगले शिवले, स्वतःला एक नव्हता. मी टेप घेऊन उठले, तर म्हणाले, "माझं माप मला ठाऊक आहे." दुपारी, नुसत्या सदऱ्यावर, आरशासमोर स्वतःच मापलं, स्वतःच कापलं.

पहिल्याच कडाक्याच्या सकाळी सदऱ्यावर बनियन, त्यावर जाकीट, त्यावर तो डगला ओढला. बाह्यांत हात गेले आणि तिथंच अडकले. दोन्ही हात आडवे, बुजगावण्यासारखे. पुढं येईनात, मागं जाईनात. गजराबाईनं एक बाही ओढली, मी दुसरी. आमचीच शिवण, ती कसली उसवते?

बाहेर गिऱ्हाईक जमायला लागलं. कासमभाईंनी छताकडं पाहिलं, मग गादीकडं.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "कात्री घ्या."

मी गादी उचलली. कात्री चांगलीच जड होती. ती उजव्या हातात धरली, डाव्या हातानं गळ्यातला टेप काढला.

"हात असेच राहू द्या, कासमभाई. आधी माप घेते."