आप्प्यांवरचा झेंडा

दरवर्षी डिसेंबरात आमच्या ह्यांच्या साहेबांच्या कॉलनीत ख्रिसमसचा मेळा भरायचा. साहेब डॅनिश. दुबईतली अल क्वोजची गोदामं मागे टाकून बरंच पुढे गेलं, की वाळूत त्या लोकांचं लहानसं गावच वसलेलं होतं. एकसारखे बैठे बंगले, मधे एक हॉल आणि राहणारे सगळे डॅनिश नाहीतर नॉर्वेजियन. नव्वदच्या दशकातली गोष्ट. माणसं अर्ध्या बाह्यांच्या शर्टात आणि खिडक्यांना कापसाचा बर्फ! ख्रिसमसच्या झाडावर चांदण्यांपेक्षा त्यांच्या देशाचे कागदी झेंडेच जास्त. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. घर सोडून आलेल्या माणसाला असलं काहीतरी लागतंच. अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटच्या दारावरही प्लॅस्टिकचं का होईना, तोरण होतंच की.

त्या वर्षी निमंत्रणात नवी अट होती. ऑफिसातल्या प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरचा सणाचा एक पदार्थ तिथेच करून वाढायचा.

"समोसे मागवतो," हे म्हणाले. "सगळ्यांना चालतात."

"आपल्याकडे सणाला समोसे कधी झाले?"

"अगं, जानेवारीत माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय. मेळा साहेबांची मिसेस चालवते. उगाच काही वाकडं झालं तर व्हिसा खलास, पोरीची शाळा खलास. अडला हरी गाढवाचे पाय धरी, कळलं?"

"तुम्ही धरा पाय. मी आप्पे करते."

माझा तो राग जुना होता. ऑफिसच्या पँट्रीत इंडियन डब्यांचा वास येतो, असं कोणीतरी कुजबुजलं आणि तेव्हापासून हे रोज काकडीचं सँडविच नेऊ लागले. रत्नागिरीचा माणूस! संध्याकाळी घरी आले की बूटसुद्धा न काढता आमटीच्या पातेल्यावरचं झाकण उचलून बघायचे. मला ते बघवत नसे.

तर मी तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरं घालून पीठ भिजवलं आणि आईचं बिडाचं आप्पेपात्र टॉवेलात गुंडाळून गाडीत मांडीवर घेतलं. मी पहिल्यांदा दुबईला आले तेव्हा सामानाचं वजन जास्त भरलं, म्हणून मी दोन साड्या काढून ठेवल्या होत्या, आप्पेपात्र नाही.

हॉलमध्ये आमच्या टेबलाशी गॅस होता. पहिला घाणा उलटला, गूळ-खोबऱ्याचा वास सुटला आणि साहेबांच्या बायकोने लांबूनच टाळी वाजवली. धावतच आली. आप्पेपात्र बघून तिचे डोळे चमकले.

"एबलस्कीवर!" ती मोठ्याने म्हणाली. "सगळे इकडे या! हिने आपले एबलस्कीवर शिकून घेतलेत! किती गोड!"

डॅनिश लोक ख्रिसमसला अगदी अशाच खळग्यांच्या तव्यात गोल गोळे करतात आणि विणकामाच्या सुईने उलटतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. गर्दी जमली. साहेबही आले. बाईने झाडावरचा एक छोटा झेंडा काढला आणि माझ्या ताटातल्या वरच्या आप्प्यात खोचला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाई मनाने वाईट नव्हती. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच! आईने ज्या आप्पेपात्रात आयुष्यभर आम्हाला करून घातलं, त्याची मी म्हणे शिकवणी घेतली!

ह्यांनी माझा हात दाबला. "असू दे. हस फक्त."

"ममी, लीव्ह इट ना," मुलगी म्हणाली.

मी झेंडा काढला, टोकाला लागलेला गूळ रुमालाने पुसला आणि तो बाईच्या हातात परत दिला.

"मॅडम, हे एबलस्कीवर नाहीत," मी म्हटलं. माझं इंग्रजी बेताचंच, पण त्या दिवशी अडलं नाही. "हे आप्पे आहेत. माझ्या आईचे. मी कोणाकडून शिकले नाही."

"पण हा तवा तर आमच्याकडचा..."

"तुमच्याकडेही असेल. हा रत्नागिरीहून आलाय."

टाळ्या थांबल्या. बाईचं तोंड उतरलं. साहेब एक आप्पा उचलून निघून गेले, आणि तो त्यांना आवडला की नाही, हे काही त्यांच्या पाठीवरून समजेना. मी पुढचा घाणा घातला. एकही आप्पा फुटला नाही.

परतताना मी आप्पेपात्र पुन्हा मांडीवर घेऊन गाडीत बसले.

"झालं समाधान?" ह्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हटलं. खरंच झालं होतं.

मेळा गुरुवारचा, मग शुक्रवारची सुट्टी आणि शनिवारी ऑफिस उघडायचं. सकाळी मी नेहमीप्रमाणे सँडविच करून डबा पुढे ठेवला. ह्यांनी झाकण उघडलं, आत बघितलं आणि सँडविच काढून ओट्यावर ठेवलं.

"पीठ उरलंय का परवाचं?"

"फ्रीजमध्ये आहे. पण पँट्रीत वास येईल हो," मी म्हटलं.

"येऊ दे," हे म्हणाले. "जरा जास्तच कर."

कॉन्ट्रॅक्टचं अजून काहीच कळलं नव्हतं. मी आप्पेपात्र गॅसवर चढवलं आणि प्रत्येक खळग्यात तूप सोडलं.