धाकट्याची चार छिद्रं

धाकट्या भावाला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला तेव्हा मी रडलो. आणि ऑपरेशननंतर थोड्याच दिवसांत तो आपल्या हाताने शर्ट घालू लागला, तेव्हा माझ्या पोटात दुखलं. दोन्ही खरं आहे.

तोच आजार मला त्याच्याआधी काही वर्षं झाला होता. माझीही गाठ लहान, पहिल्या टप्प्यातली. पण माझं ऑपरेशन जुन्या पद्धतीचं, बगलेखालून पाठीपर्यंत चिरून, बरगड्या फाकवून. पुढे कितीतरी महिने साधी शिंक आली तरी डोळ्यांत पाणी यायचं. मी जन्मभर शाळेत शिकवलं, विडीला कधी हात लावला नाही. धाकट्याने बांधावर बसून बंडलंच्या बंडलं फुंकली. त्याला खोकला लागला तेव्हा मीच मागे लागून स्कॅन करायला लावला, म्हणून गाठ वेळेत सापडली. आणि मुंबईत त्याच्या वाट्याला रोबोट आला. सर्जन बाजूला बसून यंत्राचे हात चालवतो आणि पेशंटच्या अंगावर उरतात चार बारकी छिद्रं.

मी डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं, शेवटी फरक काय? ते म्हणाले, इतक्या लवकर सापडलेल्या आजारात पुढच्या आयुष्याचा हिशेब दोघांचा जवळपास सारखाच. यंत्राने दुखणं कमी होतं, माणूस लवकर घरी जातो. मला जरा बरं वाटलं. पण पुढचं कुणी पाहिलंय? मला दिसत होता तो हात वर करून डोक्याला टॉवेल गुंडाळणारा भाऊ. माझा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही.

गावी माणसं त्याला बघायला आली, तेव्हा मात्र माझी चंगळ झाली. आमच्या पोलादपूरच्या डोंगरात आजाऱ्याला भेटायला येणारा जखम बघितल्याशिवाय चहा घेत नाही. त्याची छिद्रं बघून लोक हिरमुसले. मग मी सदरा वर केला की सगळे सरकून जवळ यायचे. मला ते फार आवडायचं, लपवून काय करू?

पुढे काही महिन्यांनी शिमगा जवळ आला. गावची पालखी घरोघर येते, आणि आमच्या अंगणात ती आमच्या घरच्या थोरल्याने खांद्यावर घेऊन नाचवायची, असा मान आहे. वडिलांनंतर तो माझा. ऑपरेशनपासून मी नुसता दारात उभा राहत होतो आणि पालखी गावकरीच नाचवायचे. यंदा धाकटा उचलणार, असं घरात ठरलं होतं. पण गावकीच्या बैठकीत म्हातारे मानकरी अडून बसले.

"येवढ्याशा भोकातून गाठ कशी निघंल? आतच ऱ्हायली असंल. गुरुजींचं काम पक्कं हाय, चीर बघा त्यांची. त्यांनाच घेऊ दे."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी नुसता गप्प बसलो असतो तरी मान माझ्याकडे परत आला असता. आणि भाऊ? अंगात आजार घेऊन फिरणारा म्हणून गावाने त्याला कायमचा बाजूला बसवला असता.

"गाठ पुरती निघाली," मी म्हणालो. "पिशवीत घालून, एक छिद्र जरा मोठं करून काढतात. रिपोर्ट स्वच्छ आहे. त्याला घेऊ द्या."

त्यावर धाकटा शांतपणे म्हणाला, "नाय. दादा हाय तवर दादाच घेईल. मी त्याच्या फुडं लागतो."

लोकांनी माना डोलावल्या. मला त्याचा असा संताप आला की सांगता सोय नाही. चांगुलपणातही हा पुढेच.

पालखी अंगणात आली. ढोल वाजत होते. मागचा दांडा गावकऱ्यांनी धरला, पुढच्या दांड्याखाली आम्ही दोघे वाकलो, पुढे तो, मागे मी, आणि पालखी वर उठली. मी ताल धरला. दोन फेऱ्या झाल्या, तीन झाल्या, तरी श्वास लागेना. क्षणभर वाटलं, जमलं की! मग लक्षात आलं, दांडा माझ्या खांद्याला नुसता टेकला होता. पुढे धाकट्याने दोन्ही तळवे खालून लावून तो उचलून धरला होता. मानेच्या शिरा टरारल्या होत्या, तरी पाय नाचत होते.

गुरुजींनी यंदा मान राखला, असं गाव म्हणालं. बायकोने कौतुकाने खांद्याला तेल लावायला घेतलं. कुठे दुखतंय, तिने विचारलं. कुठेच दुखत नव्हतं.