मैत्रिणीचा आवाज बाबांच्या कानात

सकाळच्या पोस्टमधली चूक आधी दुरुस्त करते. माझा फोन बिघडला नव्हता. बाबांचं नवं श्रवणयंत्र माझा फोन घरचाच म्हणून ओळखून, कोणी काही न दाबता, आपोआप त्याला जोडलं गेलं होतं. परक्या फोनला ते दाद देत नाही.

नाशिकचं नर्सिंगचं शिक्षण सोडते, असं मी बांधावरून मैत्रिणीला फोनवर सांगत होते. तिचं उत्तर मला ऐकूच येईना.

जवळच शेतात राबासाठी, म्हणजे भाताचं रोप टाकायची जमीन भाजायला, पाला पसरणारे बाबा डोळे मिटून थांबले होते, जणू वाराच त्यांच्याशी बोलत होता.

मग हसले. "तुजी मैत्रीण वरडते गो कानात. बापासाठी शिक्षण सोडू नको म्हणते. अक्षरं मी शिकवली तुला, ती काय माझ्या कानाशी बांधून ठेवायला?"

तुम्ही घरच्यांना सोडून कसे निघालात? मी सोमवारी कसाऱ्याहून नाशिकची गाडी धरते.