कराचीचा कागद

कुमुदिनीताई कराचीत मराठी मुलींना शिकवायच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. साठलेले पैसे त्यांनी दोन ठिकाणी ठेवले होते: निम्मे मुंबईच्या एका पेढीवर, निम्मे शेजारच्या घरात राहणाऱ्या टोपणदास शेठच्या पेढीवर. दोन्हीकडून तीन महिन्यांच्या मुदतीची हुंडी मिळे. मुदत भरली की शेठ स्वतः दारी येई, व्याज देई, जुना कागद घेई आणि नवा लिहून देई. मग फाळणी झाली, आणि अंबरनाथला भावाच्या स्वयंपाकघरात अंथरूण पसरणारी ही विधवा पाकिस्तानातली परदेशी गुंतवणूकदार ठरली.

भाऊ शशिकांत कारखान्यात अधिकारी, माझा शेजारी. वर्तमानपत्र उघडलं की तो अर्थमंत्री व्हायचा. एकोणपन्नास साली आपल्या रुपयाचं मोल उतरवलं, पाकिस्तानने उतरवलं नाही, तेव्हा त्याने ताईंचे दोन्ही कागद टेबलावर मांडले. रक्कम तीच, मुदत तीच, पण कराचीचा कागद आता जवळजवळ दीडपट झाला होता. तेवढ्या पैशांत स्टेशनजवळच्या एका खोलीची पागडी भागत होती, आणि मुंबईचा कागद म्हातारपणाला शिल्लक राहत होता. ताईंना ती खोली फार हवी होती. वहिनी वाईट नव्हती, पण राग आला की भांडी आपटायची.

टोपणदास शेठ उल्हासनगरला, निर्वासितांच्या कॅम्प तीनच्या बराकीत असल्याचं कळलं. कराचीच्या रुपयाच्या भावानेच माग, लाजू नकोस, असं शशिकांतने दहादा बजावलं आणि ताई गेल्या. शेठ गोणपाटाच्या पडद्याआड बायकोने लाटलेले पापड बांधत बसला होता. तिकडे पेढीला सरकारी कुलूप लागलं होतं. ताईंना पाहून त्याने घाईघाईने कोट चढवला, त्यांना खोक्यावर बसवलं. कराचीचा कागद आहे, कराचीच्याच भावाने फेडीन, म्हणाला. बायको मुकाट्याने हातातल्या बांगड्या उतरवू लागली. ताईंनी तिचा हात धरला.

"मी कागद नवा करायला आले आहे," त्या म्हणाल्या. "आणि इथल्या रुपयांत लिहा."

खोलीचं त्यांनी नावही काढलं नाही. शशिकांत त्या दिवशी जेवला नाही. खरं सांगतो, मलाही ताईंचा रागच आला. माणसाने भलं असावं, पण किती? ताई शांतपणे म्हणाल्या, "अरे, तोही सगळं सोडून आला, मीही. त्याच्याकडे परदेशाचा भाव कसा मागू?" खोली दुसऱ्या कुणी घेतली.

मुदत भरली त्या दिवशी शेठ अंबरनाथला चालत आला. इस्त्रीचा कोट, खिशात व्याजाचे थोडे पैसे आणि नवा कागद. ताई स्वयंपाकघरात होत्या, म्हणून वहिनीने त्याला तिथेच नेलं. त्याला कोपऱ्यातली वळकटी दिसली.

"बाईजी, आप सोती कहाँ हो?"

ताई चहाचं आधण ठेवायला वळल्या. वहिनीनेच सगळं सांगून टाकलं, हातच्या गेलेल्या खोलीसकट. शेठचा चेहरा पडला.

"रकम जब होगी तब दूँगा," तो म्हणाला. "पर बराक में परदा सरक सकता है. आधी जगह आपकी."

दारात येऊन उभा राहिलेला शशिकांत हादरला. एकटी बाई, सिंध्यांच्या छावणीत, लोक काय म्हणतील, हे तो बोलत होता तोवर ताईंनी ट्रंक ओढून पुढे घेतली होती.

"कराचीत आमच्यामध्ये भिंत होती, शशी," त्या म्हणाल्या. "इथे पडदा असेल."