रिमार्क्सच्या चौकटीतली सगुणा

“मॅडम, आपने लिखा है कि इसको अंदर से कोई औरत बोलती है. क्रेन पर.”

फोनवर सक्सेना साहेब होते. मी म्हटलं, “हो, पण त्याच्याच वर मी ‘फिट’ला टिक केलीय.”

“वो तो देखा मैंने. लेकिन ये लिखा क्यों?”

या प्रश्नाचं खरं उत्तर मला नंतर सापडलं. ते सांगायला आजही लाज वाटते.

मी मानसशास्त्रज्ञ. रायपूरला चौबे कॉलनीत माझं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे. शिवाय शहराबाहेरच्या एका पोलाद कारखान्याच्या पॅनेलवर मी काही वर्षं होते. पॅनेलवर म्हणजे काय, तर जोखमीच्या जागी काम करणाऱ्या माणसांची वर्षातून एकदा मानसिक तपासणी करायची. लक्ष किती वेळ टिकतं, हात किती चटकन हलतो, झोप कशी आहे, पितो का, घरी काही टेन्शन आहे का. शेवटी एक फॉर्म भरायचा. फिट किंवा अनफिट, एकावर टिक. त्याखाली रिमार्क्सची चार ओळींची चौकट. ती रिकामी सोडायची असते. सक्सेना साहेब तिथले एचआर मॅनेजर. ते हे फॉर्म खरंच वाचतात, हे मला त्या फोनमुळे कळलं.

माणूस होता प्रल्हाद नेवारे. वय सेहेचाळीस. गोंदियाकडचा, पण हयात रायपुरात गेलेली. कारखान्यात तो ईओटी क्रेन चालवायचा. शेडच्या छपराखाली दोन्ही भिंतींवर रूळ असतात, त्यावर ही क्रेन पुढे-मागे फिरते, आणि ऑपरेटर उंचावर लटकलेल्या केबिनमध्ये बसतो. तिच्या हुकाला लेडल अडकवतात. लेडल म्हणजे वितळलेल्या पोलादाची भलीमोठी बादली. ती जराशी जरी हिंदकळली तरी खालच्या माणसाचं काय होईल, ते सांगायला नको. बावीस वर्षांत प्रल्हादच्या हातून एकदाही लेडल हिंदकळली नव्हती.

तपासणीला आला तेव्हा खुर्चीच्या टोकावर बसला होता. मी मराठीत बोलले तशी त्याची पाठ खुर्चीला टेकली. म्याडमची मी ताई झाले. मी ठरलेला प्रश्न विचारला. खालून लोक ओरडताहेत, घाई करताहेत, तेव्हा तुम्ही काय करता?

“मी काही नाही करत जी, ताई. सगुणा सांगते, दम धर. मी दम धरतो.”

“सगुणा कोण? मिसेस?”

तो हसला. “नाही न जी. सगुणा म्हणजे मीच. दंडारीतली.”

दंडार म्हणजे त्यांच्या भागातलं गावचं नाटक, गाण्यांसकट. दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईत दंडार होते. बाईचं काम पुरुषच करतो. प्रल्हाद सतरा वर्षांचा असल्यापासून सगुणाचं काम करत आलेला. सगुणा ही घरातली थोरली सून. नवरा तापट, दीर कजाग, आणि दरवेळी कुऱ्हाड उचलली गेली की ही मध्ये उभी राहून म्हणते, दम धर. दरवर्षी तो रजा टाकून गावी जायचा, मिशी काढायचा, साडी नेसायचा आणि दोन रात्री सगुणा व्हायचा. उरलेलं वर्ष ती त्याच्यासोबत क्रेनवर बसायची.

“कानाने ऐकू येते?” मी विचारलं.

“कानानं कशी येईन? आतून बोलते. आपलं मन बोलते न, तसंच. फक्त माह्यं मन घाई करते, आन् ती नाही करत.”

इथे जरा शास्त्र सांगते, कारण पुढचा सगळा घोटाळा त्याच्यावरून झाला. ज्याला आम्ही भास म्हणतो, तो आवाज बाहेरून येतो, कानावर पडतो, माणसाला घाबरवतो, ऐकायचा नसला तरी थांबत नाही. सगुणा तसली नव्हती. आमच्या विद्येत एक जुनी कल्पना आहे. प्रत्येक पुरुषाच्या मनाच्या तळाशी एक बाई असते आणि प्रत्येक बाईच्या मनात एक पुरुष. पहिलीला अ‍ॅनिमा म्हणतात, दुसऱ्याला अ‍ॅनिमस. माणसाने जगताना जे बाजूला टाकलेलं असतं, ते यांच्याकडे साठतं. स्वप्नात ती भेटतात, गोष्टींत भेटतात. दाढीमिशावाल्या संतांनी विरहिणी होऊन जे अभंग लिहिले, ते कोणी लिहिले असं तुम्हाला वाटतं? सगळेच मानसशास्त्रज्ञ ही कल्पना मानत नाहीत. मी मानते. कॉलेजात असताना मी तिच्या प्रेमातच पडले होते, आणि नंतर पंचवीस वर्षं मला ती फक्त पुस्तकात दिसली. क्लिनिकमध्ये येतात ती दहावीच्या मार्कांवरून रडणारी पोरं आणि घटस्फोटाची कागदपत्रं.

आणि एक दिवस समोर हा माणूस. आतल्या बाईशी भांडण नाही, लाज नाही. तिला नाव दिलेलं, वर्षातून एकदा साडी नेसवलेली, आणि रोज तिचं ऐकून उकळतं पोलाद हलवणारा. माझ्या अंगावर काटा आला. फिटला टिक केली आणि पेन ठेवलं नाही. चारही ओळी भरून इंग्रजीत लिहिलं की याच्या आत सगुणा नावाची एक स्त्री आहे, ती याच्याशी बोलते, कामाच्या वेळी सल्ला देते, आणि हे व्यक्तिमत्त्व फार सुंदर जुळून आलेलं आहे. कौतुकच होतं ते. पण ते कोणासाठी होतं? सक्सेना साहेबांना अ‍ॅनिमाशी काय करायचं होतं? मला माझीच हुशारी वाचायची होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात माझा आणि अवलक्षण प्रल्हादचं.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी त्याला क्रेनवरून उतरवून काटाघरात बसवलं. काटाघर म्हणजे ट्रक वजन करायची जागा. तिथे दिवसभर चिठ्ठ्या फाडायच्या. पगार तोच. सक्सेना साहेब वाईट माणूस नाहीत. ते मला म्हणाले, “मॅडम, कल को कुछ हो गया तो यही कागज़ सामने आएगा.” त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

चार दिवसांनी प्रल्हाद क्लिनिकवर आला. खुर्चीवर बसला नाही.

“ताई, तुमी काय लिवलं जी?”

मी सांगितलं. चांगलंच लिहिलं होतं, असंही म्हटलं.

“चांगलं लिवलं तं मग मले काहून उतरवलं?” तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता. “तुमचा कागद हापिसातून फुटला. सगळी शेड मले भौजी, म्हणजे वैनी, म्हणून राहिली. पोट्टे पाया पडतात माह्या. बावीस वर्षं कोणाले माहीत नव्हतं. मी तं तुमाले सांगितलं होतं.”

या शेवटच्या वाक्याने मला खाली मान घालायला लावली. सगुणा आतून बोलते, हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. मी मराठीत बोलले, म्हणून त्याने सांगितलं.

चूक निस्तरायचं मी मनावर घेतलं. सक्सेना साहेबांना तीन फोन केले. तिघांची एक समिती बसवायची ठरली. स्वतः साहेब, सेफ्टी ऑफिसर आणि कारखान्याचे डॉक्टर. प्रल्हादने त्यांच्यासमोर यायचं, मी खुलासा करायचा.

आता माझ्या आतल्या पुरुषाची ओळख करून देते, कारण पुढचं सगळं त्याने केलं. तो वकील आहे. माझे वडील रायपूरच्याच तात्यापारा वस्तीत राहायचे आणि कोर्टात वकिली करायचे. ते गेले, आवाज राहिला. “भावना बाजूला ठेव. पुरावा काय?” लग्न करताना, क्लिनिकची जागा घेताना, नवऱ्याशी भांडतानासुद्धा मी त्याचं ऐकलेलं आहे. तो रोज माझ्याशी बोलतो. फक्त मी ते कधी कुठल्या फॉर्मवर लिहिलं नाही, म्हणून माझी खुर्ची कोणी काढून घेतली नाही.

वकील म्हणाला, तीन माणसांना अ‍ॅनिमा समजावत बसशील तर केस हरशील. सरळ नाकारायचं. वाद संपतो.

मी प्रल्हादला रविवारी बोलावलं आणि तालीम घेतली. मी सेफ्टी ऑफिसर झाले.

“अंदर से कोई औरत बोलती है?”

“हव साहेब, पण...”

“हव नाही म्हणायचं. पण नाही म्हणायचं. फक्त नाही. गावात नाटकात काम करतो, नाटक संपलं की विषय संपला. म्हणा.”

तो म्हणाला, “खोटं काहून बोलू, ताई? बोलते न ती.”

“खोटं नाही हो. त्यांच्या भाषेत आवाज म्हणजे आजार. तुम्हाला आजार नाही. म्हणजे आवाज नाही. त्यांना त्यांच्या भाषेत उत्तर द्यायचं.”

“तिले वाईट नाही वाटणार?”

हे त्याने अगदी साधेपणाने विचारलं होतं. बायकोला न विचारता कोणाला घरी जेवायला बोलवावं का, असं विचारावं तसं. आणि मी, जिने या बाईवर चार ओळी भरून स्तुती लिहिली होती, मी म्हणाले, “प्रल्हादभाऊ, तुम्हाला क्रेन हवी की नको?”

“पाहिजे.”

“मग म्हणा.”

म्हणाला. तीनचार वेळा म्हणवून घेतलं. प्रत्येक वेळी आवाज जास्त सरळ येत गेला, आणि मला वाटलं, छान, तयारी होतेय.

समिती मंगळवारी बसली. सेफ्टी ऑफिसरने विचारलं, “कोई औरत बोलती है अंदर से?”

“नहीं साहब.”

“पक्का?”

“नहीं बोलती साहब.”

डॉक्टरांनी मान वर केली. “मॅडम ने तो लिखा है, उसका नाम भी है.”

प्रल्हादने माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलाकडे पाहत म्हणाला, “नाटक का नाम है साहब. अंदर कोई नहीं है.”

शेवटचं वाक्य मी शिकवलेलं नव्हतं. मी पुढे होऊन म्हटलं की शब्दांची निवड माझी चुकली, रिमार्क मी मागे घेते. पुढच्या सोमवारपासून त्याने परत क्रेनवर जायचं ठरलं. मी निघताना सक्सेना साहेब मला हसून म्हणाले, “मॅडम, आगे से टिक मार दिया कीजिए, बस.” मी घरी येताना पेढे घेतले. केस जिंकली होती. वडील असते तर खूश झाले असते.

पुढच्या वर्षीच्या तपासणीला तो आला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. मिशी पुरती वाढली नव्हती, म्हणजे मंडईला जाऊन आला होता. मला बरं वाटलं.

“कशी झाली दंडार?”

“झाली जी. लोकं म्हणतात मस्त झाली.” मग म्हणाला, “साडी नेसलो, गाणे म्हटले. पण सगुणा नव्हती आली.”

“आणि क्रेनवर?”

“तिथं तं तवापासूनच नाही. साहेबाच्या खोलीतून निघालो न, तवापासून. खालून लोकं कल्ला करतात, मी वाट पायतो, ती काही बोलतच नाही. मग मी एक ते दहा मोजतो. मोजून काम करून राहिलो.” त्याने हातांकडे पाहिलं. “तुमी म्हणले, नाही म्हणा. मी म्हटलं. तिनं ऐकलं असंल, ताई.”

मी काहीतरी बोलले. असं होतं, दडपण येतं, हळूहळू सगळं पूर्ववत होईल. माणसाला देण्यासारखं काही नसलं की आमच्या धंद्यात जे बोलतात ते. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मले भ्या वाटते आता. अनफिट लिवून द्या न. काटाघरात बसतो.”

मी चाचण्या घेतल्या. लक्ष उत्तम, हात चपळ, झोप ठीक. आतला वकील म्हणाला, पुरावा काय? पुरावा काहीच नव्हता. अनफिट लिहिलं असतं तर ते त्याच्या कागदाला कायमचं चिकटलं असतं. मी फिटला टिक केली. रिमार्क्सच्या चौकटीवर पेन बराच वेळ धरून बसले. मागच्या वर्षी तिथे लिहिण्यासारखं काही नव्हतं आणि मी चार ओळी भरल्या. या वर्षी होतं, आणि ते लिहिण्याचा माझा अधिकार मीच घालवला होता. चौकट रिकामी ठेवून सही केली.

महिन्याभरात प्रल्हादने स्वतःच अर्ज देऊन क्रेन सोडली. काटाघरात गेला. एकदा गोल बाजारात दिसला होता, बायकोबरोबर भांडी घेताना. त्याने नमस्कार केला आणि मला म्याडम म्हणाला.

माझ्याकडे आता दोन मुली शिकायला येतात. फॉर्म कसा भरायचा ते मी त्यांना पहिल्याच दिवशी दाखवते. रिमार्क्समध्ये स्वतःची हौस भागवू नका, लोक ते वाचतात. हे त्या लिहून घेतात. दुसरी गोष्ट मी सांगते तेव्हा मात्र एकमेकींकडे बघतात. कोणाकडूनही ‘आत कोणी नाही’ असं म्हणवून घेऊ नका, चांगल्यासाठीसुद्धा नाही. आत जो कोणी असतो, त्याला ऐकू येतं.